मळखाऊ

घरच्या मैदानावरची जर्सी गडद मरून, मळखाऊ.
बाहेरगावची पांढरी.
म्हणून आम्ही कसे हरलो
ते बाहेरगावच्या कपड्यांतच नीट वाचता येतं.

मी सामना बघत नाही.
शनिवारी रात्री साडेअकराला बस मागच्या दाराशी लागते,
पोरं न बोलता उतरतात,
जाळीच्या पिशव्या धुलाईखोलीच्या उंबऱ्यात येऊन पडतात.
मग स्कोअर विचारायची गरज उरत नाही.
क्वार्टरबॅकच्या छातीवर चिखल म्हणजे पोरगा पुढे धावला,
आपल्या पायांनी पडला.
पाठीवर चिखल म्हणजे त्याच्यापुढची भिंत फुटली.
सप्टेंबरभर टेट लिंडक्विस्टच्या पाठीला
चार गावांची माती लागली:
नदीकाठची काळी, टेकड्यांकडची पिवळट,
एक नुसती वाळू,
आणि एका श्रीमंत कॉलेजची रबराची,
तिचे काळे मणी ड्रायरमधून अजून निघतायत.

ऑगस्टमध्ये फक्त मीठ असतं.
दिवसातून दोनदा सराव, मक्याच्या शेतांवरून येणारी ओली वाफ,
वाळलेल्या बनियनांवर पांढरे नकाशे.
तेव्हा सगळेच जिंकणार असतात.
कोच म्हणाला, "आर्डिस, यंदा साबण जास्त मागव."
मी नेहमीइतकाच मागवला.

रक्ताला गार पाणी. गरम पाण्यात ते पक्कं बसतं.
गवताला व्हिनेगर आणि जुना टूथब्रश.
हे सासूने शिकवलं, डुकरं कापायच्या दिवसांसाठी.
अठ्ठावन्न जर्सी, अठ्ठावन्न विजारी,
मोज्यांचा हिशेब देव ठेवो.

त्र्याऐंशी नंबर मात्र कोरा.
गॅरिक व्होबोरिल, दुसरं वर्ष, हडकुळा.
त्याची जर्सी घडीसकट परत येते.
तरी मी धुते. न धुता ठेवली तर त्याला कळेल.
सहाव्या आठवड्यात
(छप्पन्न-तीन, विचारू नका)
तिच्या उजव्या कोपरावर हिरवा डाग.
तो पोरगा मैदानात उतरलाच नव्हता, हे बस ड्रायव्हरने सांगितलं,
मी न विचारता.
पडल्याचा डाग लांबट असतो, ओढत गेलेला.
हा वाटोळा. बसून, सावकाश घासलेला.
मी टूथब्रश उचलला,
खाली ठेवला.
एकच साधं धुणं दिलं, थोडा डाग राहील इतपत.

नवव्या सामन्यात जिंकलो. एकदाच. दोन गुणांनी,
समोरच्या किकरचा बूट ओल्या गवतावर घसरला म्हणून.
त्या रात्री कुणीतरी मला उचलून गरगर फिरवलं,
वय चौसष्ट, कंबरेला पट्टा.
पिशव्यांत चिखल तेवढाच.
कोचवर ओतलेल्या सरबताने बाह्या चिकट झालेल्या,
बाकी जिंकणं आणि हरणं
एकाच पाण्यात निघतं.

शेवटचा सामना घरी, भुरभुर बर्फात.
मोजले: सत्तावन्न.
पुन्हा मोजले.
एकसष्ट नंबर नाही. हॉलिस ब्रँट, सेंटर, चौथं वर्ष,
सोमवारपासून बापाबरोबर धान्याच्या कोठारावर.
खिडकीतून दिसला: त्याचा ट्रक चालू, आत दिवा,
दोन्ही हात स्टिअरिंगवर,
अंगात तीच जर्सी, बर्फ वितळून काळी पडलेली.
नियमाप्रमाणे पंच्याहत्तर डॉलर कापायचे.
मी फॉर्मवर लिहिलं: ड्रायरमध्ये फाटली.

मग कोट चढवून बाहेर गेले.
कोपराशी रक्त दिसत होतं,
निदान गार पाणी वापर, एवढंच सांगायला.
ट्रकच्या जागी कोरडा चौकोन होता,
त्याच्यावर बर्फ धरायला लागलं होतं.